वाचकांचे प्रश्न : शेंडा, डोळा आणि बाळी

या वेळच्या पत्रांत द्राक्षबागायतदार आहेत, गच्चीत कुंड्या लावणारे आहेत, एक शिक्षिकाही आहेत. पिकं निरनिराळी असली तरी बहुतेकांचा प्रश्न फिरून झाडाच्या टोकाशी येतो. नवं पान, नवी फांदी, नवं फूल तिथंच ठरतं आणि आपल्या डोळ्यांना दिसतं ते बरंच नंतर. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : नववीच्या पुस्तकात ‘प्ररोह विभाजी ऊती’ हा शब्द आणि एक आकृती आहे. मुलं विचारतात, पुढचं पान कुठं फुटायचं हे शेंड्याला कसं कळतं? शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे, तोही धड चालत नाही. वर्गात काय दाखवता येईल? (शिक्षिका, कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : कोबीचा गड्डा आणा. गड्डा म्हणजे एक अवाढव्य कळीच. लहान, घट्ट गड्डा निवडून देठाकडून वर असा मधोमध उभा चिरा. मधला पांढरा दांडा म्हणजे आखडलेलं खोड. त्याला पानं जिथं चिकटली आहेत तिथं बगलेत बारीक टेंगळं दिसतील, ते बगलेतले कोंब. दांड्याच्या टोकाकडं पानं लहान लहान होत जातात. सुईनं ती एकेक करून काढा आणि 10 पट भिंगातून पाहा. शेवटी काचेसारखा चकाकणारा एक ठिपका उरतो. शेंडा म्हणतात तो हाच, पुस्तकातली ‘प्ररोह विभाजी ऊती’. बहुतेक झाडांत त्याची रुंदी 0.1 ते 0.3 मिलिमीटरच्या आसपास असते. सुरी मधोमध बसली नाही तर तो सापडत नाही, म्हणून पहिला काप थोडा बाजूला घ्या आणि मग पातळ चकत्या काढत मध्यापर्यंत या. उघडा पडलेला शेंडा काही मिनिटांत सुकतो, त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. दांडा फारच लांब झालेला जुना गड्डा घेऊ नका. त्याचा शेंडा फुलांच्या मार्गाला लागलेला असू शकतो.

त्या ठिपक्यात कामाची वाटणी असते. मधल्या पेशी सावकाश विभागतात, ती शिल्लक ठेव. कडेच्या पेशी भराभर वाढून पानं घडवतात आणि खालच्या पेशी खोडाला लांबी देतात. ठेव ना संपावी ना फुगावी, यासाठी दुहेरी चाप असतो. खालच्या पेशींतलं ‘वुशेल’ नावाचं प्रथिन वरच्या पेशींना ‘तुम्ही विभागत्याच राहा’ असं सांगतं, आणि वरच्या पेशी ‘क्लॅव्हाटा-3’ हा रेणू सोडून वुशेललाच आवरतात. हा चाप सैल झाला की शेंडा पसरतो. मोठ्या, अनेक कप्प्यांच्या टोमॅटोमागं याच चापातले फेरबदल आहेत. फुगलेला शेंडा कसा दिसतो हे मुलांना दाखवायचं असेल तर अंगणातला कोंबडतुरा पुरे. त्याचा शेंडा ठिपका न राहता रेघ होतो आणि तुरा पंख्यासारखा पसरतो.

आता पानाच्या जागेबद्दल. शेंड्याच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी ऑक्झिन हे संप्रेरक शेजारच्या पेशीकडं ढकलत असतात. ते जिथं साचतं तिथं टेंगूळ येतं, तेच पुढं पान होतं. हे टेंगूळ आजूबाजूचं ऑक्झिन ओढून घेतं, त्यामुळं लगत दुसरं पान येत नाही. पुढचं पान आधीच्या पानांपासून शक्य तितकं लांब, मोकळ्या जागेत येतं. नवं पान सर्वांत मोठ्या मोकळ्या जागेत येतं, हा नियम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमाइस्टर यांनी 1868 मध्येच मांडला होता. त्यामागचं ऑक्झिन मात्र 2000च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. ऑक्झिनची वाहतूक रोखल्यावर टोमॅटोचा शेंडा दाभणासारखा बोडका वाढला, आणि त्याच्या कडेला ऑक्झिनचा बारीक ठिपका लावला तर नेमकं तिथंच पान आलं. ठिपका जिथं, पान तिथं. म्हणजे शेंड्याला कळतं असं काही नसतं, त्याला मोकळी जागा सापडते एवढंच.

सूर्यफुलासारख्या अनेक झाडांत लागोपाठच्या दोन पानांमधला कोन 137.5 अंशांच्या जवळ येतो. तुळशीत समोरासमोर जोडी आणि पुढची जोडी काटकोनात, असा प्रकार असतो. कुंडीतली तुळस वरून पाहिली की अधिकचं चिन्हच दिसतं.

मुळाच्या टोकासाठी मोड आलेला हरभरा घ्या. मूळ 2 सेंटिमीटर झालं की न विरघळणाऱ्या शाईनं टोकापासून दर मिलिमीटरला रेघ मारा आणि ओल्या टीपकागदात ठेवा. दुसऱ्या दिवशी टोकामागच्या पहिल्या काही रेघा फाकलेल्या दिसतील, वरच्या जिथल्या तिथं. मुलांना एक फरक जरूर सांगा. पान शेंड्याच्या बाहेरच्या कडेवर येतं, पण बाजूचं मूळ आतल्या थरातून साल फोडून बाहेर येतं.

प्रश्न : थॉमसन द्राक्षांची बाग आहे. खरड छाटणीनंतर (एप्रिलमधल्या) वाढ जोमदार होती, काड्याही जाड झाल्या. पण ऑक्टोबर छाटणीनंतर निम्म्या फुटींवर घडाऐवजी बाळीच निघाली. छाटणीनंतर फवारणीत काही चुकलं का? (द्राक्षबागायतदार, तासगाव)

उत्तर : चूक शोधायची असेल तर ऑक्टोबरात नको, मे-जूनमध्ये शोधा. घड आणि बाळी (वेल आधाराला गुंडाळते तो तंतू) हे मुळात एकच अवयव आहेत. डोळ्याच्या (काडीवरच्या मिटलेल्या कोंबाच्या) आत शेंडा पानाच्या समोरच्या बाजूला एक टेंगूळ सोडतो. ते पुन्हा पुन्हा फुटत गेलं तर घड, दोन-तीनदा फुटून थांबलं तर बाळी. हा निकाल काडीच्या तळाच्या डोळ्यांपासून वर सरकत लागत जातो. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांचा काळ त्यासाठी सर्वांत नाजूक. या दिवसांत झाडात जिबरेलिन (लांबी वाढवणारं संप्रेरक) जास्त असलं तर कौल बाळीकडं जातो, सायटोकायनिनचं (पेशी विभागायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) पारडं जड असलं तर घडाकडं.

त्यामुळं तुम्ही लिहिलेली ‘जोमदार वाढ’ हीच शंकेची जागा आहे. नत्र आणि पाणी जास्त, शेंडा धावतो आहे, जिबरेलिन तयार होतं आहे, वर पानांची गर्दी. डोळ्यावर आणि त्याच्याशेजारच्या पानावर ऊन पडलं नाही तर जाड काडीतही डोळा वांझ निघतो. त्यात मे महिन्यात ढगाळ हवा लाभली की विचारूच नका.

येत्या हंगामात असं करा. फुटींची विरळणी वेळेवर करा, दोन काड्यांमधून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. फूट 9-10 पानांची झाली की 7-8 पानांवर शेंडा मारा, त्यावरची एक बगलफूट सबकेन म्हणून वाढू द्या आणि तीही 5 पानांवर थांबवा. बाकीच्या बगलफुटी काढत राहा. घडनिर्मितीच्या काळात नत्र बंद ठेवा, पाणी कमी करा (तोडायचं मात्र नाही, पानं गळाली तर अन्नसाठाच जातो), स्फुरद आणि पालाशाकडं वळा. 6-बीए हे सायटोकायनिन याच काळात 10 पीपीएमनं फवारतात, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. गर्दी आणि सावली तशीच ठेवून ही फवारणी केली तर पैसे वाया. जीए (फवारणीचं जिबरेलिन) मात्र या दिवसांत बागेत आणूच नका. वाढ रोखणाऱ्या सीसीसीबाबत निर्यातदारांनी सांभाळून राहावं. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती याच रसायनाच्या अंशांमुळे.

ऑक्टोबर छाटणीआधी काड्यांचे डोळे प्रयोगशाळेत तपासून घ्या. सरासरी काढण्यासाठी बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या काड्या घ्याव्यात, बांधाकडच्या उन्हातल्या काड्यांचाच गठ्ठा नेला तर अहवाल फसवा येतो. सबकेन केलेल्या काडीत फळधारक डोळे सहसा गाठीजवळ (जिथून सबकेन फुटली तिथं) असतात, म्हणून छाटणी गाठीपुढं एक-दोन डोळे राखून घेतात. पण तपासणीत ते वर सरकलेले दिसले तर छाटही वर सरकवा.

उरला छाटणीनंतरचा भाग. डोळ्यात घड असूनही पोंगा अवस्थेत (डोळा नुकताच फुटत असताना) तो जिरू शकतो. तेव्हाही कारणं तीच असतात, ढगाळ हवा, जादा पाणी, नत्र, काडीत अन्नसाठा कमी. तपासणीचा अहवाल हाताशी असेल तरच घड मुळात नव्हता की होता तो जिरला, हे कळेल. अहवाल नसेल तर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

घड आणि बाळी एकच याचा सर्वांत बोलका पुरावा फ्रान्समधल्या पिनो म्युनिए या वाणातून मिळाला. त्या वेलाच्या फक्त बाहेरच्या थरातल्या पेशींपासून झाडं वाढवली, तर ती बुटकी निघाली आणि बाळीच्या प्रत्येक जागी घड लागले. त्या थरात जिबरेलिनला दाद न देणारा जनुक होता. हा शोध 2002 मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रश्न : स्नेक प्लँटचं पिवळ्या काठाचं पान कापून लावलं. मुळं आली, कोंबही आला, पण तो साफ हिरवा. खत कमी पडलं का? (गृहिणी, कोथरूड, पुणे)

उत्तर : खताचा संबंध नाही. तुमचं झाड म्हणजे दोन जातींच्या पेशींची घडी आहे. शेंड्याच्या बाहेरच्या पेशी फक्त आडव्या पसरतात, आत शिरत नाहीत. त्यामुळं शेंड्यात एकावर एक असे वेगळे थर वर्षानुवर्षं टिकतात. एखाद्या थरात हरितद्रव्य न बनवणाऱ्या पेशी असल्या की त्या थरातून आलेला भाग पिवळा दिसतो. अशा झाडाला कायमेरा म्हणतात.

पानात तयार शेंडा नसतो. कापलेल्या पानाला तो नव्यानं जुळवावा लागतो आणि तो आतल्या हिरव्या पेशींमधून उठतो. मग पुढचं सगळं झाड हिरवं. निव्वळ पिवळ्या पेशींतून कोंब आलाच तर तो अन्न तयार करू शकत नाही, मरतो.

पिवळा काठ हवा असेल तर कुंडी उलटी करून जमिनीतला आडवा कंद कापा. प्रत्येक तुकड्याला किमान एक कोंब आणि थोडी मुळं हवीत. काप दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग निम्मी वाळू असलेल्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. कंदावरच्या कोंबात सगळे थर क्रमानं असतात, म्हणून काठ टिकतो. हिरवी झाडंच वाढवायची असतील तर पानाचे 6-8 सेंटिमीटरचे तुकडे चालतात, फक्त खालची बाजू खालीच ठेवा. उलटा लावलेला तुकडा कुजतो.

अशाच दुरंगी पानांच्या बोगनवेलीवर पूर्ण हिरवी फांदी दिसली तर ती बुडापासून काढा. हरितद्रव्य जास्त असल्यानं ती झपाट्यानं वाढते आणि दुरंगी फांद्यांना मागं टाकते.

प्रश्न : केळी निसवल्यावर (घड बाहेर पडल्यावर) कोणतं खत दिलं म्हणजे फण्या वाढतील? आणि मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्लं) कापले तरी पुन्हा का येतात? (शेतकरी, रावेर, जि. जळगाव)

उत्तर : कोणतंही नाही. केळीचं दिसणारं खोड म्हणजे सोपटांची (पानांच्या बुडांची) गुंडाळी, खरा शेंडा जमिनीलगत कांद्यात असतो. तिशीच्या पुढं पानं काढून झाली की तो पानं थांबवून घडाकडं वळतो आणि मग सोपटांच्या आतून वर चढतो. फण्या किती, हे निसवणीच्या कित्येक आठवडे आधी ठरून गेलेलं असतं. म्हणून खताचा भर लागवडीनंतरच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत हवा. निसवल्यानंतर फक्त केळी भरण्याचं काम उरतं: पालाश, पाणी, शेवटच्या फणीनंतर केळफूल काढणं आणि घडाला पिशवी.

मुनव्याचंही तसंच. जमिनीसरसा कापला तर शेंडा खाली जिवंत राहतो, दुसऱ्या दिवशी मधली गुंडाळी बोटभर वर आलेली दिसते. कापल्यावर पहारीचं टोक मध्यात घालून फिरवा आणि पांढरा गाभा उकरून काढा. मात्र मातृझाडाच्या कांद्याला पहार लागू देऊ नका, तिथून कूज शिरते.

प्रश्न : तुरीचा शेंडा खुडल्यानं फांद्या वाढतात म्हणतात. गेल्या वर्षी खुडला, पण उत्पादन उलट घटलं. (शेतकरी, औसा, जि. लातूर)

उत्तर : किती दिवसांनी खुडला, वाण कोणता, जमिनीत ओल होती का, हे पत्रात नाही. चूक या तिन्हींपैकी एकीत असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक पानाच्या बगलेत एक झोपलेला कोंब असतो. शेंड्यातून ऑक्झिन खाली वाहतं तोवर तो झोपून राहतो, शिवाय वाढता शेंडा साखरही ओढून घेत असतो. शेंडा गेला की ती साखर आधी कोंबांकडं वळते, ऑक्झिनची धार नंतर आटते. कोंब जागे होतात खरे, पण त्यांना वाढायला ओल लागते. पावसाचा खंड पडलेला असताना खुडलं तर शेंडाही गेला आणि फांद्याही आल्या नाहीत.

मध्यम आणि उशिराच्या वाणांत पेरणीनंतर 45 दिवसांनी पहिली खुडणी, हवी तर 60-65 दिवसांनी दुसरी. वरचा 5-6 सेंटिमीटर कोवळा भागच घ्यायचा. यंत्रानं फूटभर उडवलं तर सर्वांत जोमानं फुटणारे वरचे कोंबच जातात. कळ्या दिसू लागल्यावर खुडू नये. आयसीपीएल-87सारख्या निर्धारित वाढीच्या वाणाला तर हात लावू नका, त्याचा शेंडा स्वतःच फुलोरा होतो. तिथं खुडणी म्हणजे शेंगाच खुडणं. हरभऱ्यात हेच काम आपण 30-40 दिवसांनी करतो आणि वर भाजीही खातो.

प्रश्न : माडाची नवी झावळी कात्रीनं कापल्यासारखी निघते. एका माडाची सुई (मधलं न उलगडलेलं पान) ओढताच हातात आली, घाण वास होता. वाचेल का? (बागायतदार, वेंगुर्ला)

उत्तर : हे दोन वेगळे प्रकार आहेत. कापल्यासारखी पानं गेंड्या भुंग्याची. झावळी मिटलेली असताना त्यानं आरपार भोक पाडलेलं असतं, ती उलगडली की कात्रीची नक्षी दिसते. तारेच्या आकड्यानं भुंगा ओढून काढा. निंबोळी पेंड 250 ग्रॅम आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बगलांत भरा, वर्षातून तीनदा. शेणखताचा खड्डा उपसून पांढऱ्या, वळलेल्या अळ्या वेचा. भुंगा तिथंच वाढतो, खड्डा तसाच ठेवून माडावर उपचार करणं फुकट आहे.

हातात आलेली सुई म्हणजे कोंब कुजणे. कुजका भाग चांगला लागेपर्यंत खरवडा, 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर) आणि पाऊस आत जाणार नाही असं झाका. शेजारच्या माडांवर 1 टक्का बोर्डो फवारा. कूज शेंड्यापर्यंत पोचली असेल तर माड वाचत नाही. आंब्याला शेंडा गेला तरी शेकडो डोळे असतात. माडाच्या बगलांतून फक्त पोय (फुलोरा) येते, फांदीचा डोळा त्याला नसतोच. वाचलेल्या माडाकडूनही घाई करू नका. आज उमलणारी पोय दोन वर्षांहून आधी शेंड्यात ठरलेली असते, त्यामुळं या वर्षीचा मार पुढं कधीतरी नारळांच्या संख्येत दिसेल.

प्रश्न : टिश्यू कल्चरला (बरणीत ऊतींपासून रोपं वाढवायला) शेंड्यातलाच तुकडा का घेतात? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : दोन कारणं. टोकाच्या घुमटात अजून रसवाहिन्या पोचलेल्या नसतात, त्यामुळं विषाणू तिथं सहसा नसतो. 1952 मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी रोगट डेलियापासून अशी निरोगी झाडं मिळवली. एक-दोन पानटेंगळांसह 0.2 ते 0.5 मिलिमीटरचा तुकडा घेतात. त्याहून लहान तुकडा जगत नाही, मोठ्याबरोबर विषाणू येतो. हे रोप विषाणुमुक्त असतं, प्रतिकारक नव्हे. शेतात मावा आला की त्यालाही रोग होतो. दुसरं कारण असं, की तयार शेंडा जातीशी इमान राखतो. पानाच्या पेशींचा गोळा करून नवे कोंब काढले तर वेगळी झाडं निघण्याचा धोका वाढतो. वर स्नेक प्लँटचं उत्तर वाचा.

बरणीत काय निघेल ते संप्रेरकांच्या प्रमाणावर ठरतं. ऑक्झिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर कोंब, हे स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर 1957 मध्ये दाखवलं. तुमच्याच गावातलं उदाहरण घ्या. दशकानुदशकं न फुलणाऱ्या कळकाला (काटेरी बांबूला) राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सायटोकायनिन आणि नारळाचं पाणी घातलेल्या माध्यमावर काही महिन्यांतच फुलं आणली, बीही धरलं. 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये ते काम छापून आलं.

प्रश्न : लहानपणी पिंपळावर खिळा ठोकला होता. झाड दुप्पट उंच झालं, खिळा आहे तिथंच. असं का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : खोड फक्त टोकाशी लांबतं. तुमच्या खिळ्याखालचा भाग तेव्हाच लांबून झालेला होता, त्यानंतर तो फक्त जाड होत गेला. गवताचं उलटं, त्याच्या पात्याची वाढ बुडाशी होते. म्हणून हिरवळ वरून कापली तरी पुन्हा वर येते आणि खिळा मात्र सालीत बुडत जातो.